गाळातले रूप

दक्षिण कोकणातील ग्रामदेवतांच्या देवळांपुढची तळी ज्यांनी केवळ भाद्रपदात, पायऱ्या बुडवून काठोकाठ भरलेली अशी पाहिली असतील, त्यांना फाल्गुनअखेर त्याच तळ्यांची जी अवस्था होते तिची कल्पना सहसा येणार नाही. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या चार भिंतींच्या आत पाणी एकेक पायरी उतरत खाली जाते, वर हिरवे शेवाळ दाटते, गुरे उतरतात, गोधड्या धुतल्या जातात. आणि या सर्वांच्या तळाशी भोवतालच्या वडापिंपळांची पाने, देवावरून उतरलेले निर्माल्य आणि दर पावसाळ्यात डोंगरउतारावरून वाहत येणारी तांबडी माती यांचा कित्येक पिढ्यांचा थर साचलेला असतो. या थराला वारा लागत नाही की उजेड लागत नाही. त्यामुळे त्यात कुजणाऱ्या पाल्यातून गंधकयुक्त वायू निर्माण होतो, गाळ काळा पडतो आणि ढवळला की त्याची उग्र दुर्गंधी सुटते. अशा एका तळ्यात पडलेला देवीचा चांदीचा मुखवटा परत मिळविण्याच्या कामाशी सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा संबंध आला. त्या कामाची हकीकत मी आजवर फक्त पंचनाम्यात लिहिली होती. परंतु पंचनाम्याच्या चौकटीत बसत नाही असे पुष्कळच त्यात होते, आणि ते जाणणारी माणसे एकेक करून निघून जात असल्यामुळे ते आता सविस्तर लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. मुंबई राज्याचे विभाजन अद्याप व्हावयाचे होते. १९४९ च्या कायद्याने खोती नाहीशी झाली होती, तरी गावच्या मानपानात खोताच्या घराण्याचे स्थान पूर्ववत होते. या भागात शिमग्याच्या सणाला ग्रामदेवतांचे मुखवटे, ज्यांना गावोगाव ‘रूपे’ म्हणतात, पेटीतून बाहेर काढून पालखीत बसविण्यात येतात. आणि वस्त्रालंकारांनी सजविलेली ती पालखी ढोलताशांच्या गजरात सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर, बसते, घरोघर हिंडते आणि खांदेकऱ्यांच्या खांद्यांवर व मस्तकांवर नाचते. वर्षभर देवळात दर्शनाला जावे लागते ती देवता या दिवसांत आपण होऊन प्रत्येकाच्या अंगणात येते, हा भाव ज्याने अशा गावात राहून अनुभवला आहे त्यालाच त्या चांदीच्या पत्र्याचे खरे मोल समजू शकेल. सराफाच्या तराजूत त्याची किंमत फार मोठी भरली नसती.

आमच्या तालुक्यातील ज्या गावची ही हकीकत आहे त्या गावी पालखी देवळातून निघाली म्हणजे प्रथम तळ्याच्या वरच्या पायरीवर नाचविण्याची वहिवाट होती. त्या वर्षी नाच रंगात आला असता पुढच्या दांड्याखालील एका तरुण कुणब्याचा पाय शेवाळावरून घसरला, पालखी कलंडली, रूपे बांधलेल्या गोफांपैकी एक जीर्ण गोफ तुटला आणि वाघजाई देवीचे रूप, नाकातील सोन्याच्या मोतीजडित नथीसह, पाण्यात पडले. पडल्याबरोबर, केवळ भक्तीच्या आवेगाने, काठावरचे पंधरावीस तरुण तळ्यात उतरले. अंधार पडेपर्यंत त्यांनी तो सारा कोपरा पायांनी तुडवून काढला; हाती काही लागले नाही. रात्री कोणाच्या तरी मुखातून संशय निघाला की रूप पाण्यात पडलेच नाही, गोंधळात ते त्या खांदेकऱ्याने कमरेला खोचले. आणि सकाळपर्यंत त्या संशयाला गावात खात्रीचे रूप आले. तो तरुण गरीब होता, दुसऱ्याची जमीन कसून राहत होता आणि त्याच्या बाजूने बोलणारे घर गावात नव्हते. आम्ही जाऊन पोहोचलो तेव्हा त्याला देवळाच्या ओवरीत बसवून ठेवलेले होते आणि त्याची म्हातारी आई समोरच्या पारावर काही न बोलता बसलेली होती.

आमचे मामलेदार जुन्या वळणाचे, मितभाषी आणि कामात अत्यंत काटेकोर असे गृहस्थ होते. त्यांनी पहिला हुकूम दिला तो असा की, त्यांच्या लेखी परवानगीवाचून कोणीही तळ्यात पाऊल घालू नये. गुरांसाठी एकच बाजू मोकळी ठेवून उरलेल्या तिन्ही बाजूंना कोतवालाचा पहारा बसवावा. हा हुकूम गावाला रुचला नाही. देवी पाण्यात असताना हातावर हात ठेवून बसावयाचे म्हणजे काय, असे मानकरी उघडपणे म्हणू लागले. परंतु पुढे जे काही साध्य झाले ते या एका हुकमामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाळात उभा असलेला मनुष्य पाय उचलतो तेव्हा पायाखाली जी पोकळी होते तिच्यात भोवतालचा चिखल वेगाने ओढला जातो, आणि त्या चिखलाबरोबर जवळपासची वस्तूही खाली जाते. म्हणून दहा माणसांनी तासभर शोध केला असता वस्तू सापडण्याचा संभव वाढत नाही, घटतो. शिवाय एकदा ढवळलेल्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण खाली बसावयास पुष्कळ अवधी लागतो. घरातील घागरीचे पाणी निवळण्यासाठी निवळीचे बी उगाळून घालण्याची रीत स्त्रियांना ठाऊक असल्यामुळे तळ्यातही निवळी घालावी अशी एक सूचना आली होती. पण एवढ्या जलाशयाला पुरेल इतकी निवळी त्या तालुक्यात मिळण्यासारखी नव्हती. पाण्याला वेळ द्यावा लागतो आणि तो आम्ही दिला.

दरम्यान जबान्या घेण्याचे काम माझ्याकडे आले. पालखीचे खांदेकरी, ढोलवाले, गुरव, मानकरी, पायरीवर उभ्या असलेल्या बायका, मुले, अशा ज्यांनी म्हणून रूप पडताना पाहिले त्या सर्वांना मी वेगवेगळे बसवून विचारले. बहुतेकांचे म्हणणे असे पडले की ते तिसऱ्या पायरीच्या नेमके खाली, सरळ, बुडाले. ओवरीत बसविलेल्या तरुणाचे म्हणणे मात्र निराळे होते. “भाऊसाहेब, ती सरळ नाय गेली,” तो म्हणाला. “पाण्यात शिरली, हातभर खाली एकदा चमकली आणि आडवी भिंतीकडं गेली. माझे डोळे तिच्यावरच होते. मी पडलो तरी डोळे तिच्यावरच होते.” पश्चिमेची भिंत तेथून चांगली चारपाच हात दूर होती. जड धातूची वस्तू पाण्यात पडून एवढी आडवी जाईल हे कोणालाही पटण्यासारखे नव्हते, आणि त्याच्याविरुद्धचा संशय दृढ होण्यास नेमके हेच वाक्य कारण झाले होते. कारण खोटे बोलणाराच असले काही तरी रचून सांगेल, असा तर्क लोकांनी केला होता.

मला त्याच्या बोलण्यातील तो ‘हातभर’ शब्द सोडवेना. ज्याला कहाणी रचावयाची असते तो इतका बारकावा सांगत नाही. मामलेदारसाहेबांच्या संमतीने मी शेजारच्या पेठेतून एका तांबटाला बोलावून घेतले आणि पेटीत उरलेल्या दुसऱ्या रूपाच्या मापाने तांब्याचा एक मुखवटा घडवून घेतला. देवीची ही रूपे ओतीव नसतात. पातळ पत्रा ठोकून ती घडविलेली असतात आणि मागून पोकळ असतात. तांबे चांदीहून थोडे हलके, म्हणून पत्रा किंचित जाड घेतला. त्याला लांब सुतळी बांधून तिसऱ्या पायरीच्या उंचीवरून तो पाण्यात सोडला. झाडावरून गळणारे पान जसे हवेत झोके खात खाली येते, तसा तो पत्रा पाण्यात तिरपा झाला आणि एका बाजूला सरकत गेला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. दर खेपेस दिशा थोडी पालटे, परंतु सरळ खाली तो एकदाही गेला नाही, आणि पायऱ्यांचा उतार आड येत असल्यामुळे बहुतेक वेळा भिंतीच्याच रोखाने गेला. या प्रयोगाने त्या तरुणाचे म्हणणे सिद्ध झाले असे नव्हे; पण ते अशक्य नाही एवढे गावासमक्ष दिसले, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याला मुचलक्यावर घरी जाऊ देण्यात आले. त्याला नेण्यासाठी त्याची आई पारावरून उठली तेव्हा सकाळपासून तिच्याकडे पाठ फिरवून बसलेल्या काही माणसांनी तिला वाट करून दिली, हे मी पाहिले.

पुढचा प्रश्न तळे उपसावे की काय हा होता. तेलावर चालणारे इंजिन भाड्याने आणून दोन दिवसांत पाणी काढून टाकावे, असे खोतांच्या घरच्या तरुणांचे मत होते, आणि वरवर पाहता ते सयुक्तिकही दिसे. परंतु त्याला दोन मोठ्या हरकती होत्या. एक तर पावसाळा अडीच महिने दूर होता आणि गावच्या गुरांना दुसरे पाणी नव्हते. दुसरी हरकत बांधकामाची. अशा तळ्याच्या भिंतीमागची माती पाण्याने पूर्ण भिजलेली असते. आतल्या पाण्याचा भार तिला समोरून पेलून धरीत असतो, आणि तो भार एकाएकी काढून घेतला की मागच्या ओल्या मातीचा रेटा चिऱ्यांना आत ढकलतो. बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरने ही गोष्ट समजावून सांगितली तेव्हा गावातील एका वृद्ध पाथरवटाने, अशीच एक भिंत कोसळलेली आपण लहानपणी पाहिल्याचे सांगितले. शेवटी असे ठरले की पाणी रोज थोडे थोडे लाट नावाच्या साधनाने उपसून पोफळीच्या बागांना सोडावे आणि गाळ हाताच्या आवाक्यात येईल इतकेच ते उतरू द्यावे.

लोहचुंबक बांधून सोडण्याची सूचना शाळेतील मुलांनी केली होती. पण चांदीला, सोन्याला किंवा पितळेला चुंबक ओढीत नाही. गावातील एका निवृत्त सैनिकाने सुरुंग शोधण्याच्या यंत्राची गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्याने ते सिद्ध केले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या रणभूमीवर ब्रिटिश फौजांनी ते वापरले, ही हकीकत खरी आहे; आणि गोड्या पाण्यातून तसल्या यंत्राला धातू जाणवतो हेही खरे आहे. परंतु पुढे एका लष्करी अभियंत्याने मला सांगितले की, जांभ्याच्या प्रदेशात ते यंत्र माणसाला हैराण करते. कारण जांभ्यात लोहाची द्रव्ये विपुल असतात आणि यंत्र त्या दगडालाच धातू समजून जागोजागी नाद करू लागते. ज्या तळ्याच्या भिंती जांभ्याच्या आणि तळाची मातीही जांभ्याचीच, तेथे त्याचा निभाव लागला नसता.

या ठिकाणी आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर मी गावावर अन्याय केल्यासारखे होईल. शिमग्यात जमिनीत गुप्तपणे पुरलेला नारळ पालखीने शोधून काढावयाचा, याला त्या भागात शेरणे काढणे म्हणतात. आणि पालखी जिथे जड होऊन थांबते तेथे खणले असता नारळ मिळतो, अशी लोकांची अढळ श्रद्धा आहे. तेव्हा उरलेल्या रूपांची पालखी तळ्याभोवती फिरवून देवीलाच जागा विचारावी, अशी मागणी आली. मामलेदारसाहेबांनी ती नाकारली नाही. फक्त पाण्यात कोणी उतरू नये एवढी अट घातली. गुरवाने गाऱ्हाणे घातले, कौल लावला, पालखी फिरली आणि पश्चिमेच्या भिंतीजवळ थांबली. खांदेकऱ्यांच्या मनात तांब्याच्या मुखवट्याचा प्रयोग घोळत होता म्हणून ती तिथे थांबली, की अन्य काही कारणाने, याचा निर्णय करणे माझ्या अधिकारातील नाही. परंतु त्या दिवसानंतर गाव आमच्याशी एकदिलाने वागू लागला, आणि तसे झाले नसते तर पुढचे काम पार पडले नसते.

आता मी त्या माणसाकडे येतो ज्याच्या हाताने रूप सापडले. खाडीकाठच्या एका वाडीत राहणारा तो वृद्ध भोई होता; विहिरीतल्या कळशा, बुडालेल्या होड्यांचे नांगर, आणि कधी कधी दुर्दैवी माणसांची प्रेतेही काढण्यासाठी त्याला दूरदूरहून बोलावणे येई. आल्यावर तो बराच वेळ नुसता काठावर बसून राहिला. मग मला म्हणाला, “गाळात उभं राहायचं नाय, भाऊसाहेब. गाळावर निजायचं.” त्याने केळीचे खुंट बांबूच्या कामट्यांनी एकमेकांत अडकवून लहान लहान तराफे बांधविले. त्या तराफ्यावर छातीने पालथे निजावयाचे, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात सोडावयाचे आणि बोटे पसरून गाळ वरून खाली नव्हे, तर आडवा, थराथराने चाचपीत जावयाचे, ही त्याची पद्धती. पायांचा तळाला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. त्याच्या हाताखाली त्याचा मुलगा आणि दोन पुतणे होते. त्यांनी घाईने हात मारलेला त्याला पाण्याच्या हालचालीवरून कळे आणि तो डोळे न उघडता त्यांना हटकी. डोळे तो मिटूनच ठेवीत असे. ज्या पाण्यात दिसण्यासारखे काही नाही तेथे उघडे डोळे मनाला भलतीकडे नेतात, असे त्याने मला सांगितले, आणि त्याच्या या बोलण्यावर मी पुढे अनेकदा विचार केला आहे.

आमच्या बाजूने आम्ही काथ्याच्या दोऱ्या ताणून तो सारा कोपरा चौकोनांत विभागला आणि प्रत्येक चौकोनाला नंबर दिला. ज्या चौकोनाचा गाळ चाचपून झाला तो पाट्यांनी उपसून काठावर आणावयाचा आणि त्याचा ढीग निराळा ठेवून वर नंबराची फळी रोवावयाची, असा नियम केला. एवढ्या दुर्गंधी चिखलाचे वेगवेगळे ढीग कशाला सांभाळावयाचे, अशी कुरकुर मजुरांनी केली. परंतु मोजणी खात्यात काही वर्षे काढल्यामुळे, जागेचा हिशेब सुटला की सगळाच हिशेब सुटतो, हे मला पक्के ठाऊक होते.

रूप सापडले ते पश्चिमेच्या भिंतीच्या अगदी पायाशी. चिरा आणि गाळ यांच्या मधल्या फटीत ते कडेवर उभे राहिले होते. म्हणून पहिल्या दिवशी तेवढी माणसे तुडवीत हिंडली तरी कोणाच्या पायाला ते लागले नाही. वृद्ध भोयाने कोणालाही हाक मारली नाही. त्याने आपल्या मुलाला खूण केली, मुलाने तराफा स्थिर धरला, आणि त्याने दोन्ही हातांनी भोवतालच्या गाळासकट ती वस्तू उचलून रोवळीत ठेवली. वर आले ते पत्र्याचा एक काळाकुट्ट तुकडा भासावा असे काही तरी. गाळातील गंधकाच्या संयोगाने चांदीवर काळा थर चढतो, आणि इतक्या दिवसांत देवीचे मुख ओळखू येऊ नये इतके ते काळे पडले होते. गुरवाने ते रिठ्याच्या पाण्याने धुतले, तेव्हा कपाळ, भुवया आणि ओठ प्रकट झाले, आणि काठावर जमलेला सारा गाव हात जोडून खाली बसला. मीही बसलो.

परंतु नथ नाकात नव्हती. आनंदाचा तो क्षण सरतो न सरतो तोच जुना संशय पुन्हा डोके वर काढू लागला. चांदी टाकून दिली आणि सोने ठेवले, असे कोणी तरी पुटपुटले. मी त्या तरुणाकडे पाहिले. तो लोकांच्या मागे, आईजवळ उभा होता, आणि त्याच्या मुद्रेवर जे मला दिसले ते पाहून मी मनाशी ठरविले की नथ मिळेपर्यंत हे काम बंद होऊ द्यावयाचे नाही.

एवढी लहान वस्तू हाताने चाचपून मिळण्यासारखी नव्हती. पेठेतील एका सोनाराने कोल्हापुराहून एका झारेकरी जोडप्याला आणविले. सोनारांच्या दुकानातील झाडलोट, भट्टीची राख आणि गटारातील माती विकत घेऊन ती धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण वेगळे काढावयाचे, हा या लोकांचा पिढीजाद व्यवसाय. प्रसंगी स्मशानातील राखही ते धुतात. त्यांचे साधन म्हणजे एक उथळ लाकडी पाटी आणि पाणी. सोने समान आकाराच्या पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, साधी वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणून पाटीत माती घेऊन ती पाण्याखाली विशिष्ट गतीने हलविली की हलके ते कडेवरून वाहून जाते आणि जड ते मध्यावर राहते. तत्त्व इतके सोपे आहे; परंतु ती गती शिकण्यास जन्म जातो. जांभ्याच्या मातीतले काळे लोहकण बरेच जड असल्यामुळे तेही सोन्याबरोबर खाली राहतात, आणि त्यांच्यातून सोने निराळे करताना पाटीला जो अत्यंत सूक्ष्म झोका द्यावा लागतो तो त्या बाईच्या मनगटात होता. नवरा माती भरीत असे आणि पाणी घालीत असे; पाटी तिच्या हाती.

ढीग नंबरवार ठेवले होते म्हणून तिला सारा कोपरा धुवावा लागला नाही. ज्या चौकोनात रूप मिळाले तो आणि त्याच्या लगतचे, एवढेच ढीग तिच्यापुढे ठेवण्यात आले. नथ मिळाली ती लगतच्या चौकोनाच्या ढिगात. पत्रा भिंतीला आपटला तेव्हा ती निसटली असावी. तार वाकडी झाली होती आणि एक मोती गेला होता. तो पुढेही मिळाला नाही, आणि मुद्देमालाच्या यादीत त्याची नोंद तशीच केली.

त्या धुण्यात आणखीही पुष्कळ वस्तू निघाल्या, आणि त्यांनी आमच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा केला. झिजलेल्या शिवराया, जोडवी, एक बुगडी, मुलाच्या कमरेच्या साखळीचा तुकडा, एक चांदीचे पैंजण. देवीच्या रूपाविषयी कायद्याचा प्रश्नच नव्हता. देवता ही स्वतः मालमत्ता धारण करू शकणारी कायदेशीर व्यक्ती आहे हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली स्पष्ट केलेले आहे, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली देवस्थानाच्या दप्तरी त्या रूपाची वजनासह नोंद होती. पण या इतर वस्तू कोणाच्या? निखात निधीचा कायदा १८७८ चा. तो जमिनीत दडलेल्या द्रव्याविषयी आहे आणि दहा रुपयांवरील मालाची वर्दी कलेक्टरांना देणे तो आवश्यक ठरवितो. इंग्लंडमध्ये लिचफील्ड येथील तळे साफ करताना एका मजुराला गाळात सोन्याच्या दोन अंगठ्या मिळाल्या होत्या आणि १८९६ मध्ये तेथील न्यायालयाने त्या मजुराच्या नव्हेत, तळ्याचा ताबा असलेल्या कंपनीच्या, असा निवाडा दिला होता, हा दाखला आमच्या साहेबांना मुखोद्गत होता. त्या निवाड्याप्रमाणे सारे देवस्थानाकडे जावयास हवे होते.

परंतु मामलेदारसाहेबांनी कलेक्टरांकडे अहवाल पाठविताना देवस्थानच्या पंचांची संमती घेऊन एक निराळी तजवीज केली. या वस्तू कोणालाही दाखवावयाच्या नाहीत. ज्याचा दावा असेल त्याने आधी आपल्या वस्तूचे वर्णन लिहून द्यावे, आणि वर्णन जुळले तर वस्तू पंचांसमक्ष परत करावी. दावे करणारे पुष्कळ आले आणि बहुतेकांचे वर्णन जुळले नाही. एक वृद्ध विधवा आली. माहेर त्याच गावचे, लग्नापूर्वी तळ्यावर पाणी भरताना तिचे पैंजण गेले होते. तिने सांगितले की त्याच्या घुंगरांपैकी एक पितळेचे आहे, कारण चांदीचे पडले तेव्हा बापाजवळ दुसरे करावयास पैसे नव्हते. पैंजण धुतलेले होते. त्यातले एक घुंगरू पिवळे होते. तिच्या अंगठ्याचा ठसा घेताना माझा हात थोडा थांबला, हे येथे लिहिण्यास मला संकोच वाटत नाही.

पंचनामा लिहिण्याची सरकारी रीत अशी आहे की ‘मजुरांकरवी शोध घेतला असता मुद्देमाल मिळून आला’, एवढ्या वाक्यात शोधणाराचे काम संपते. पंच म्हणून ज्यांच्या सह्या होतात ते गावचे प्रतिष्ठित गृहस्थ काठावर खुर्चीत बसलेले असतात. मी साहेबांना विनंती केली की या पंचनाम्यात त्या भोयाचे आणि त्या झारेकरी बाईचे नाव, त्यांनी वापरलेल्या पद्धतीसह, मजकुरात यावे. आणि तिसऱ्या कलमात खांदेकऱ्याची जबानी शब्दशः उतरवून, रूप त्याच जागी मिळाले असे नमूद व्हावे. साहेबांनी मसुदा दोनदा वाचला आणि एकही शब्द न बदलता सही केली. त्या तरुणाविरुद्धचा फौजदारांकडील कागद त्याच आठवड्यात निकाली निघाला. राहिला रूपाच्या वजनाचा प्रश्न. त्या वेळी दशमान वजने नुकतीच येऊ लागली होती. देवस्थानच्या वहीत रूपाचे वजन तोळ्यांत, तालुक्याच्या काट्यावर ग्रॅममध्ये, आणि दोहोंचा मेळ घालून पाहता पत्र्यात काहीही घट आलेली नव्हती.

ज्यांच्या गावी पालखी नाचते त्या मानकऱ्यांना आणि विश्वस्तांना माझी विनंती आहे. रूपे बांधण्याचे गोफ आणि कड्या दर वर्षी पेटी उघडताना तपासून पाहाव्यात व जीर्ण गोफ त्याच दिवशी बदलावा. प्रत्येक रूपाचे वजन, माप आणि अलंकारांची तपशीलवार यादी वहीत ताजी ठेवावी. आणि दुर्दैवाने एखादे रूप पाण्यात गेलेच, तर पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये, जागेवर पहारा बसवावा, आणि ज्याच्या खांद्यावरून ते पडले त्याचे म्हणणे सर्वांत आधी लिहून घ्यावे.